चेहऱ्यावर दिसता कामा नये

पुंडलिकनगर, छत्रपती संभाजीनगर
२ नोव्हेंबर २०२५

श्रीधर,

फोनवर तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून पत्र लिहिते आहे. पत्र वाचताना तुला गप्प बसावंच लागतं. आईच्या वर्षश्राद्धानंतर आपण बोललो नाही आणि तेव्हापासून माझ्यावाचून तुझं काही अडलंही नाही. परवा फोन उचलताच 'ताई' अशी गोड हाक आली, तेव्हाच मी ओळखलं की आता अडलं आहे. अडला हरी, एवढंच म्हणते. ती म्हण पुरी करून स्वतःला गाढव म्हणवून घ्यायची मला हौस नाही.

तर स्वरदाला डॉक्टरकीला मार्क पुरले नाहीत आणि आता 'निदान नर्सिंग तरी'. हा 'निदान' तुझाच शब्द. शंतनूने जर्मनीहून बहिणीसाठी कळवलं की तिकडे नर्सेसना फार मागणी आहे, आणि आपल्या सेलूकरांच्या घराण्यात अचानक सेवाभाव उगवला. मी नर्सिंगला गेले तेव्हा तो कुठे पेंड खायला गेला होता? मी वॉर्डातून यायचे, डोक्यावरून आंघोळ करायचे, तुला पोळी वाढायला यायचे, आणि तू ताट बाजूला सरकवायचास. 'ताईच्या हाताला वास येतो.' आई तुला रागवायची नाही, मला पुन्हा हात धुवायला पाठवायची. तुझ्या लग्नात साऱ्या बहिणी पंगतीत वाढत होत्या आणि मला अहेराच्या पाकिटांवर नावं घालायला बसवलं होतंस. अक्षर चांगलं आहे म्हणून, असं कारण दिलं होतंस. मग आई अंथरुणाला खिळली, तेव्हा तिला मात्र माझ्या घरी आणून टाकलंस, आणि तेव्हा माझ्या हातांना कसलाही वास येत नव्हता.

तू विचारलंस, नर्सिंगच्या मुलीकडे काय काय असायला लागतं. तुला दाखले विचारायचे होते, ते कॉलेजच्या वेबसाइटवर आहेत. तिथेच 'आवश्यक क्षमता व गुण' असंही एक पान आहे. करुणा, सहनशीलता, भावनिक स्थैर्य, संवादकौशल्य, पाचही ज्ञानेंद्रियं शाबूत. ते ज्याने लिहिलं त्याने करुणा आयुष्यात वापरली असेल असं वाटत नाही. त्या पानाच्या शेजारीच 'परदेशी नोकरीची हमी' असं चमकत असतं. तुझी नजर पहिल्यांदा तिथेच गेली असणार.

मी सांगते काय लागतं. तासन्‌तास उभं राहता आलं पाहिजे. नातेवाईक आईवरून बोलला तरी पाण्याचं भांडं न सांडता पुढं करता आलं पाहिजे. समोर काहीही उघडं पडलं, तरी चेहऱ्यावर काही दिसता कामा नये. रोगी आपला आजार डॉक्टरच्या तोंडून नंतर ऐकतो, आधी तो नर्सच्या चेहऱ्यावर वाचतो. आणि शेवटचं म्हणजे, हातून चूक झाली तर ड्यूटी संपायच्या आत ती स्वतःच्या तोंडाने सांगता आली पाहिजे. एवढं असेल तर करुणा नसली तरी चालतं. असेल तर सणासुदीला काढावी.

इथे एक रीत आहे, ती आत्ताच सांगून ठेवते. पहिले तीन महिने झाले की दिव्याचा कार्यक्रम होतो. मुली पांढऱ्या कपड्यात हातात दिवा घेऊन शपथ घेतात. प्राचार्य मोनिका माझीच विद्यार्थिनी. सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्यावर पहिल्या वर्षाला शिकवायला तिने मला बोलावलं, आणि तेव्हापासून नियम असा, की मी 'हो' म्हणेन त्याच मुलीला दिवा. जिला नाही मिळाला तिने घरी जायचं. म्हणजे तुझ्या मुलीचा दिवा माझ्या हातात आहे. भाची म्हणून तो मिळणार नाही. तुझी मुलगी म्हणून मी अडवणारही नाही. ही दुसरी शंका तुझ्याच मनात येईल, म्हणून खुलासा.

पाठव तिला. राहू दे माझ्याकडेच.

ताई


३० नोव्हेंबर २०२५

श्रीधर,

तुझं रत्न येऊन पोचलं. तू आणि उमाने हिला काय शिकवलंत ते शोधते आहे, सापडलं की कळवीन.

कानात कायम ती गाण्याची बोंडं. परवा गॅसवर दूध ठेवून मी औरंगपुऱ्यात गेले. जाताना सांगून गेले, लक्ष ठेव. येऊन बघते तर जिन्यापर्यंत करपल्याचा वास, पातेलं कोळसा झालेलं, आणि राजकन्या शेजारच्या खोलीत हाडांची नावं पाठ करत बसलेली. म्हणे, 'आत्या, माझं लक्षच गेलं नाही.' लक्ष कशाला जायला हवं? नाक काय फक्त नथ घालायला दिलं आहे? मी तिला तसंच म्हटलं. तिने मान खाली घातली आणि पातेलं घासायला घेतलं. उलट उत्तर दिलं नाही, हे एक नवलच. तुझ्या पोटची वाटत नाही.

जेवणाचीही तीच तऱ्हा. प्रत्येक घासाला ठेचा. साध्या वरणभातालाही ठेचा. गेल्या रविवारी मी उठायच्या आत हिने कालचं वरण गरम करून खाल्लं. मी चमचा तोंडाजवळ नेला तर आंबलेलं. हिने वाटीभर संपवलं होतं. घरी शिळं-आंबलेलं खायची सवय लावलीत की काय पोरांना? बँकेचा मॅनेजर होतास ना?

कॉलेजात बाकीच्या मुली काही फार थोर नाहीत. एकीला रक्त बघून घेरी येते, दुसरीला स्वतःचं नख तुटलं की रडू येतं. पहिल्या तासाला मी सगळ्यांना पलंगावर चादर घालायला लावली. रोगी पलंगावर असतानाच चादर बदलायची असते, त्याला अर्ध्यावर कुशीला वळवून. पुतळ्यावर सगळ्यांना जमतं. मग मीच पलंगावर आडवी झाले. निम्म्या मुलींनी मला खाली पाडायचं तेवढं बाकी ठेवलं. स्वरदाने मला वळवताना एक हात माझ्या कमरेखाली धरून ठेवला होता. कुणी शिकवलं असं विचारलं तर म्हणाली, 'आजी तुझ्याकडे होती तेव्हा मी एकदा आले होते ना, तू तिला असंच वळवायचीस.' सात-आठ वर्षांची असेल तेव्हा.

हे तुझं कौतुक म्हणून सांगत नाही. तू त्या वेळी दारातच उभा होतास, रुमाल नाकाला लावून.

ताई


४ जानेवारी २०२६

श्रीधर,

तुझ्या मुलीबद्दल चांगलं लिहायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं. आली आहे, तेव्हा लिहून टाकते. पुन्हा पुन्हा मागू नकोस.

मुलींना महिन्याभरापासून वॉर्डात नेते आहे. हॉस्पिटल एका ट्रस्टचं आहे. तिथे पगारी सिस्टर कमी आणि फुकटात राबायला विद्यार्थिनी पुष्कळ, असा त्यांचा हिशेब. पहिल्याच आठवड्यात बेडपॅन म्हटलं की मुलींच्या भुवया कपाळात जायच्या. एकीने ओढणी तोंडाला बांधली. मी तिला वॉर्डाबाहेर काढून सांगितलं, तुझ्या नाकापेक्षा त्या म्हातारीची लाज मोठी आहे. एकटी स्वरदा. उलटी असो, पू असो, बिछाना बिघडलेला असो, चेहरा असा की शेजारी बसून गप्पा मारते आहे. इतकी वर्षं मी मुलींना जे ओरडून सांगते आहे ते हिला उपजतच येतं. मोनिकाने तर आत्ताच ठरवून टाकलं आहे, की फेब्रुवारीत पहिला दिवा स्वरदाच्या हातात.

वॉर्डाच्या टोकाला एक वेगळी खोली आहे. तिथे फकिरा नावाचा माणूस आहे. गुलमंडीत कापडाचे गठ्ठे वाहणारा हमाल. साखरेचा आजार, पावलाला जखम, ती चिघळलेली. त्या खोलीत जायचं म्हटलं की बाकीच्या मुलींना एकदम दुसरी कामं आठवतात. स्वरदा रोज जाते, पट्टी बदलते. त्याची बायको वच्छलाबाई मला वाटेत अडवून म्हणाली, "बाई, ही पोरगी कुनाची हो? आमच्या सख्ख्या सुनंनं पदर लावला नाकाला. हिनं एक डाव बी नाक मुरडलं नाय. लई गुनाची हाय."

मी म्हटलं, माझी भाची आहे. हे मी कुणालाच सांगत नाही, तिला सांगितलं.

तुझी मुलगी आहे हे नाही सांगितलं.

ताई


१७ जानेवारी २०२६

श्रीधर,

हे पत्र उभ्यानेच वाच. बसून वाचायचा तुला हक्क नाही.

संक्रांतीच्या आसपास निम्म्या सिस्टर सुट्टीवर होत्या. मला ताप होता, मी घरी. डॉक्टर राउंडला येत होते, पण पट्टीवरूनच बघून जात होते. फकिराची जखम उघडून बघणारी एकच व्यक्ती होती, तुझी मुलगी. रोज पट्टी बदलून ती इन्चार्ज सिस्टरला सांगायची, 'ठीक आहे.' सिस्टर म्हणायची, 'बरं.'

काल मी वॉर्डात गेले. फकिराच्या खोलीच्या अलीकडे दोन पलंग असतानाच माझे पाय थबकले. तो वास मी ओळखते. एकदा नाकात बसला की जन्मभर विसरत नाही. मांस कुजल्याचा. मी धावत आत गेले. स्वरदा त्या पावलावर वाकून, जखमेपासून वीतभर अंतरावर तोंड, शांतपणे कापूस फिरवत होती आणि फकिराला त्याच्या नातवाचं नाव विचारत होती. जखम वरून फार बदललेली नव्हती. मी बोटांच्या बेचक्यात बघितलं. खालून सगळं गेलं होतं.

त्याच क्षणी मला दूध आठवलं, वरण आठवलं, ठेचा आठवला. श्रीधर, इतकी वर्षं मुलींना शिकवते, आणि घरात राहणाऱ्या पोरीचं मला कळलं नाही. मला तिचा चेहरा आवडला होता. त्या चेहऱ्याचं कौतुक करण्यात मी गुंतले होते.

फकिराला लगेच ऑपरेशनला घेतलं. अंगठा आणि शेजारची दोन बोटं गेली. पाऊल वाचलं. चार दिवस आधी कळतं, तर एका बोटावर भागलं असतं, असं सर्जन म्हणाले. हेही त्यांनी माझ्याकडे न बघता सांगितलं.

मी तिला जिन्यात बसवलं आणि एप्रनच्या खिशातली स्पिरिटची बाटली उघडून तिच्या नाकाखाली धरली. डोळ्यांत पाणी आलं, पण ते स्पिरिट झोंबल्याचं. 'काय आहे हे?' म्हणून विचारलं. तिने डोळे मिटले आणि म्हणाली, "आत्या, मला वास येत नाही. कोरोना झाला ना मला, तेव्हापासून नाहीच आला."

"कुणाला माहीत आहे?"

"आईबाबांना. बाबा म्हणाले, कुठे बोलायचं नाही. प्रकृतीच्या दाखल्यावर सही त्यांनी डॉक्टर मित्राकडून आणली."

"आणि तुला वाटलं नाही, सांगावं?"

"बाबा म्हणाले, नर्सिंगला तर उलट बरंच आहे. तिथे वास येत नाही हा फायदाच."

मी बाटलीचं बूच लावलं. मग मला हसू आलं, आणि पोरगी घाबरली. हसू तुझं आलं, श्रीधर. तुला वाटलं, नर्स म्हणजे घाण सोसायची बाई. मग नाकच नसलेली मुलगी म्हणजे तर सोन्याहून पिवळं! देवळात आंधळ्याला पहारेकरी नेमलास, कारण त्याला रात्रीचा अंधार त्रास देत नाही. अरे, आम्ही नाकाने काम करतो. साखर वाढलेल्याच्या श्वासाला सडक्या फळाचा वास येतो, तो डॉक्टर यायच्या आधी नर्सला येतो. लघवीत जंतू झाले की भांडं उचलतानाच कळतं. जखम नासते तेव्हा ती आधी वासाने हाक मारते, मग रंग बदलते. वास सोसता यायला हवा, हे खरं. पण सोसायला आधी तो यायला हवा. चाळीस वर्षं तू माझ्या हाताच्या वासाला नावं ठेवलीस, आणि तो वास कशासाठी असतो एवढंही तुला कळलं नाही.

तुझ्या शहाणपणाची किंमत फकिराने तीन बोटांनी दिली आहे.

कुमुद


२५ जानेवारी २०२६

श्रीधर,

तुझा मोबाइलवरचा निरोप मिळाला. 'तू जुना सूड उगवते आहेस. एवढ्याशा गोष्टीवरून पोरीचं करिअर संपवू नकोस. तोंड बंद ठेव.' एवढीशी गोष्ट म्हणजे तीन बोटं. तुझ्या चपलेत ती सुखरूप आहेत, म्हणून 'एवढीशी'.

सूड उगवायचा असता तर मी गप्प बसले असते. तिला दिवा दिला असता, जर्मनीला जाऊ दिलं असतं, आणि तिथे एखाद्या मध्यरात्री तिच्या हातून माणूस गेला असता. यापेक्षा मोठा सूड तुझ्या डोक्यात येऊ शकतो का? माझ्या येतो, म्हणूनच मी तो घेत नाही.

तू मोनिकालाही फोन केलास. लगेच जमलं तुमचं. ती मला म्हणाली, "मॅडम, कशाला वाढवायचं? साखरेचा पेशंट, आज ना उद्या बोटं जाणारच होती. कार्यक्रमाच्या पत्रिका छापल्यात. स्वरदा फोटोत पण छान दिसते. अगदीच वाटलं, तर नंतर प्रकृतीच्या कारणाने काढून घेऊ नाव." हिला मी नाडी बघायला शिकवली होती. आता ती फक्त वाऱ्याची दिशा बघते.

मी कुणालाच काही सांगितलं नाही. स्वरदाला एवढंच म्हटलं, "पहिल्या दिवशी मी वर्गात काय सांगितलं होतं? चूक कधी सांगायची?"

ती म्हणाली, "ड्यूटी संपायच्या आत."

"तुझी ड्यूटी संपली का?"

ती उठली आणि फकिराच्या खोलीत गेली. मी मागोमाग गेले, पण आत नाही, दारात थांबले. ती पलंगाच्या पायथ्याशी उभी राहिली. आवाज चिरकत होता, पण सगळं बोलली. वास येत नाही, कधीपासून येत नाही, घरच्यांनी लपवायला सांगितलं आणि तिने लपवलं. आपण पट्टी करत होतो तेव्हा आत नासत होतं आणि आपल्याला कळलं नाही. एकाही वाक्यात तिने 'पण' म्हटलं नाही. तू कधी असं बोलून बघ.

वच्छलाबाई खाली बसली होती, ती उठली. मला वाटलं, आता हात उचलते. उचलला असता तर मी मध्ये पडले नसते.

ती म्हणाली, "मला येऊ लागला व्हता की वास! दोन दिस आधीच आला व्हता!"

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"काय बोलू? तुझ्या तोंडाकडं बघितलं, तर तू हसायलीस. म्हनलं, ही शिकल्याली हाय, हिला कळत असल. ही भेत नाय म्हंजे बरं व्हायलं असल. तू जराक नाक जरी वाकडं केलं असतं ना पोरी, तरी म्या इचारलं असतं. आन् खरं सांगू का, लाज बी वाटली. आपल्याच मानसाचा वास येतो म्हून कसं सांगावं? सगळ्या पळतेत, तू एकली यायचीस. तू बी यायची बंद झाली असती मंग."

बोलता बोलता तिला रडू फुटलं आणि तिने स्वरदाच्या दंडावर जोरात चापट मारली. "सांगायचं व्हतं मला! माझं नाक हाय ना! सांगायचं व्हतं!"

फकिरा तोवर छताकडे बघत पडला होता. तो म्हणाला, "गेली ती गेली. गठ्ठा पाठीवर वाहतेत, बोटावर नाय. सोड तिला, वच्छे." आणि भिंतीकडे तोंड केलं. तो पोरीसाठी खोटं बोलत होता. ओझं घेऊन उभं राहायला अंगठाच रेटा देतो, हे त्याला ठाऊक नसेल तर कुणाला असेल?

मी दारातच होते. मला फार काही झालं नाही, पदर नाकाला लावला इतकंच. तसा तिथे वासही येत होता.

पण त्या बाईचं एक वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. मी मुलींना शिकवते, चेहऱ्यावर काही दिसता कामा नये. यापुढेही तेच शिकवीन. फक्त त्याच्या पुढे एक वाक्य जोडीन, की चेहरा मिटला तरी तोंड उघडं ठेवा.

कुमुद


८ फेब्रुवारी २०२६

श्रीधर,

कार्यक्रम झाला. पाहुण्यांचं भाषण फ्लोरेन्सपासून सुरू झालं आणि पाहुण्यांच्या स्वतःच्या कर्तृत्वावर संपलं. मुलींनी शपथ घेतली. निम्म्या मुलींच्या दिव्यातली वात पंख्याच्या वाऱ्याने विझली आणि त्यांनी विझलेल्या दिव्यानिशीच शपथ पुरी केली. स्वरदाच्या हातात दिवा नव्हता. मी 'हो' म्हटलं नाही. ती मागे उभी राहून दिव्यांत तेल घालत होती, आणि फोटोत कुठेही आलेली नाही.

आता तुला ज्याची घाई आहे ते सांगते. तिला काढलेलं नाही. मोनिका ते पान घेऊन आली होती, 'पाचही ज्ञानेंद्रियं शाबूत'. नियम म्हणजे नियम, म्हणाली. लपवायचं होतं तेव्हा तिला तो नियम आठवला नव्हता, वॉर्डभर बभ्रा झाल्यावर आठवला. मी तिला विचारलं, वर्गात चष्म्यावाल्या मुली किती आहेत? चष्मा काढला तर त्यांना इंजेक्शनच्या बाटलीवरचं नाव वाचता येत नाही. त्यांना दिवा देतेस ना? त्यांचं उणं नाकावर बसलेलं दिसतं, म्हणून चालतं. हिचं दिसत नाही, तर हिने ते बोलून दाखवावं. बोलली तर राहील. एकदा जरी लपवलं, तर मी स्वतः तिची ट्रंक रिक्षात ठेवीन.

नाक-कान-घशाच्या डॉक्टरांना दाखवलं. वास परत येईल की नाही, ते सांगत नाहीत. त्यांनी लेखी दिलं ते कॉलेजात ठेवलं आहे, या वेळी खरं. हे तीन महिने ती पुढच्या मुलींबरोबर पुन्हा करणार आणि मग दिव्याचं बघू. तेव्हा 'हो' म्हणायला मी नसेन. हॉस्पिटलचं कुठे चुकलं, पट्टी न उघडता राउंड कशी झाली, हे मी सही करून लिहून दिलं आहे. त्यावर मोनिकाने अतिशय आदराने कळवलं, की मॅडम, आता तुम्ही विश्रांती घ्या. शालही दिली.

तर तू येत्या रविवारी तिला घेऊन जायला येणार आहेस. 'बस झालं, बीसीएला घालतो.' तिने तुला फोनवर 'मी येणार नाही' असं सांगितलं, तेव्हा तुला वाटलं की मी शिकवलं. मी नाही शिकवलं. मला विचारलं असतंस तर मी म्हटलं असतं, जा बाई, घरी नाशकात कॉम्प्युटरसमोर बस, त्याला वास येत नसतो. ती का जात नाही, हे बघायचं असेल तर आधी वॉर्डात ये.

ती आता प्रत्येक पलंगाशी थांबते. पट्टी सोडायच्या आधी, भांडं उचलायच्या आधी, नातेवाईकाला मोठ्याने विचारते, "मला वास येत नाही. तुम्ही सांगा, वास येतोय का? कालच्यापेक्षा वेगळा आहे का?" पहिल्या दिवशी मुली फिदीफिदी हसल्या. एका म्हाताऱ्याने तर शिव्या दिल्या. तिचे कान लाल झाले, पण पुढच्या पलंगाशी जाऊन तिने तेच विचारलं. फकिराला परवा घरी सोडलं. काठी टेकत, आधी टाच मग पाऊल, असा गेला. गठ्ठे आता नाहीत, दुकानात बसून कापड मोजायचं काम मालक देतो म्हणाला आहे. देईल तेव्हा खरं. वच्छलाबाई जाता जाता शेजारच्या पलंगावरच्या बाईला सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असं बजावून गेली, "त्या सावळ्या पोरीला नाक नाय बरं का! लाजू नगा, वास आला की तिला सांगत जावा. पोरगी चांगली हाय." एवढं प्रशस्तिपत्र मला चाळीस वर्षांत कुणी दिलं नाही.

ये रविवारी. उमालाही आण. आणि जेवूनच जा. स्वरदा दुपारी ड्यूटीवरून येते, आंघोळ करते, आणि तीच वाढणार आहे. हात कोपरापर्यंत घासते, तरी स्पिरिट आणि फिनेल थोडं राहतंच, माझंही राहायचं. तिला ते कळत नाही. म्हणून पोळी वाढायच्या आधी ती तुला विचारेल, 'बाबा, माझ्या हाताला वास येतोय का?'

येत असेल तर 'येतोय' म्हण. तिच्याशी आता कुणी खोटं बोलायचं नाही. पण ताट जागचं हलवू नकोस. आणि चेहऱ्यावर काही दिसता कामा नये.

ताई